बिनकोंबड्याची अंडी

"डॉक्टरसाहेब, कोंबडा नसला तरी कोंबडी अंडं देती का?"

विचारून टाकलं मी. शाळेच्या पटांगणात, लिंबाखाली, अर्धं गाव बसलेलं असताना. माझ्या मागं शिवकांतानं वेणीचं टोक तोंडात कोंबलं आणि गुणा तर माझ्या पाठीवर वाकून खुदखुदायला लागली. पैज त्यांनीच लावली होती. "विचारून दाखव," शिवकांता म्हणाली होती, "आठवडाभर हापशावर तुझी घागर मी भरून देईन." त्या वर्षी आमच्या हापशाला शंभर हात मारले की तांब्याभर पाणी यायचं. एवढी मोठी पैज गावात दुसऱ्या कुणी लावली नसती. आणि मी तरी काय कमी! सहामाहीला नववीत पहिली आलेली, भाषणात बक्षीस घेतलेली. त्या दिवसांत मला कुणाला भ्यावंसंच वाटत नव्हतं.

डॉक्टर जनावरांचे होते. लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष चाललं होतं आणि नव्या जिल्ह्याची माणसं जीप घेऊन गावोगाव हिंडत होती. जीपच्या दारावरचं 'उस्मानाबाद' खरवडून वर 'लातूर' रंगवलेलं, पण उन्हात तिरपं बघितलं की खालचा 'उ' अजून दिसायचा.

बायका पदराआड हसल्या. हेडमास्तरांनी माझ्याकडं डोळे वटारले. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

"चांगलं विचारलंस. देते. कोंबडा नसला तरी रोज देते. खायला ते अंडं तसंच, ताकद तीच. पण कितीही दिवस उबवलं तरी त्यातून पिल्लू निघत नाही."

मग त्यांनी फळ्यावर अंडं काढलं. आठव्या दिवशी अंधारात उजेडाला धरून बघायचं म्हणाले. आत कोळ्याच्या पायांसारखे लाल धागे दिसले तर पिल्लू आहे. काहीच दिसलं नाही, तर अंडं रिकामं.

शिवकांतानं माझ्या कमरेला चिमटा काढला. पैज मी जिंकले होते. एवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "या गावात योजनेच्या कोंबड्या कुणाला मिळाल्यात?"

"लिंबाजीला," सटवाजीकाका बसल्या जागेवरून ओरडला. "ह्या पोरीचाच बाप हाय, साहेब."

बाबा उठून उभे राहिले. रोजगार हमीच्या तलावाच्या कामावरून तसेच आले होते, मानेवर मातीचा थर होता.

"दहा कोंबड्या आणि एक कोंबडा दिला होता. किती आहेत?"

"सहा हायेत, साहेब. चार उन्हानं गेल्या."

"आणि कोंबडा?"

बाबा पायाकडं बघायला लागले.

"कोंबडा जवायाच्या पोटात गेला, साहेब!" सटवाजीकाका म्हणाला, आणि लिंबाखाली असं हसू उठलं की झाडावरचे कावळेसुद्धा उडाले.

"अहो, पक्षी जगवायला दिले होते. कापायला नाही."

"हाव साहेब. चुकलं."

डॉक्टर पुढं शेळ्यांच्या लशीबद्दल बोलायला लागले. बाबांना खाली बसा म्हणायचं ते विसरले. म्हणून बाबा उभेच राहिले, शेळ्या संपेपर्यंत, मग म्हशी संपेपर्यंत. हात तसेच जोडलेले. मी मागं वळून बघितलं नाही. शिवकांताही आता हसत नव्हती.

आमच्या घरी त्या घडीला काबरी कोंबडी तेरा अंड्यांवर बसलेली होती. आठवा दिवस होता.

*

कोंबडा बाबांनी हौसेनं कापला नव्हता. माझी अक्का, कस्तुरा, पहिलटकरीण. तिला सातवा लागला तसं भावजी तिला माहेरी घेऊन आले. जवाई लेकीला बाळंतपणाला आणून सोडतो आणि त्याच्या ताटात चटणी-भाकर? बाबा म्हणाले, "माझी जिंदगी गेली तरी असं हुयाचं न्हाई." गावातले कोंबडे हिवाळ्यातल्या मानमोडीनं मेले होते. राहिलेला एक, तो हाच. पांढरा शुभ्र, लालभडक तुऱ्याचा, सरकारी.

पुढं महिन्यानं काबरी खुडूक बसली. योजनेच्या पांढऱ्या कोंबड्या खुडूक होतच नाहीत, नुसती अंडी देतात आणि चालू लागतात. काबरी आमची जुनी, गावरान. बाबांनी पाटीत भुसा घातला, गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवला आणि पांढऱ्यांची तेरा अंडी मोजून तिच्याखाली सरकवली. एकदा कोंबड्याबरोबर राहिलेली कोंबडी वर्षभर पिल्लाचीच अंडी देते, असं ते धरून चालले होते. तलावावर दगड उचलता उचलता ते सगळ्यांना सांगायचे, "पाऊस पडंस्तोर माझ्याकडं तेरा पिल्लं दिसतील." लोक त्यांना 'पोल्ट्रीवाले' म्हणायचे. आधी थट्टेनं, मग सवयीनं.

उन्हानं पांढऱ्या आता दिवसाआड एखादंच अंडं द्यायच्या, ते पुढच्या खेपेसाठी ज्वारीच्या मडक्यात जायचं. खायला एकही नाही.

डॉक्टर येऊन गेले त्या संध्याकाळी बाबा माझ्याशी बोलले नाहीत. जेवले आणि फुटकं मडकं घेऊन बांधाकडं गेले. मडक्यात शेण आणि पाचोळा भरून ते जमिनीवर उपडं ठेवायचं, सकाळपर्यंत आत उधईचे किडे भरतात. दुष्काळात दाणे माणसालाच पुरत नव्हते, तेव्हा कोंबड्यांचं पोट बाबा असं भरत होते. दुसऱ्या दिवशीही बोलले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. "यशोधरा, तांब्या दे" एवढंसुद्धा नाही. तांब्या स्वतः उठून घ्यायचे.

*

आमच्या पत्र्याला खिळ्याचं एक भोक आहे. दुपारी त्यातून उन्हाची काडी सरळ आत येते. माय-बाबा कामावर गेल्यावर मी दार लोटलं, काबरीला फडक्यानं झाकलं आणि एक अंडं काढून त्या काडीला धरलं. तिनं मनगटावर टोच मारली, रक्त आलं. अंडं आतून नुसतं पिवळं उजळलं. दुसरं बघितलं. तिसरं बघितलं. तेराच्या तेरा. एकातही धागा नाही.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. पाय पुढं पसरलेले, घोट्याजवळ सुजलेले. "काय दिसलं गं?"

"काईच न्हाई."

"बाबाला सांगू नको."

मायनंही तेच सांगितलं. चुंबळ डोक्यावरून काढत ती म्हणाली, "धा-अकरा दिवस ऱ्हायलेत. राहू दे माणसाला आशेवर. साऱ्या गावापुढं येक डाव झालंच हाय."

मला ते लागलं. पण त्याच आठवड्यात नर्सबाई आल्या. त्यांनी अक्काची खालची पापणी ओढून बघितली आणि मला बोलावून दाखवलं. आतली कातडी कागदासारखी पांढरी. "हिच्या अंगात रक्तच नाही. या गोळ्या घ्या, आणि नुसत्या गोळ्यांवर राहू नका. डाळ, पाला, रोज एक अंडं."

"अंडं गरम पडतंय, बाई," माय म्हणाली. "पोटुशीला कसं द्यावं?"

"कोण म्हणतं? बाळ काय हवेवर वाढतं? हिला दीड महिना राहिलाय, सरजाबाई. अशीच राहिली तर बाळंत होताना मला काही करता यायचं नाही."

नर्सबाई गेल्या तरी माय बराच वेळ उंबऱ्यात बसून होती. मग तिनं ज्वारीचं मडकं माझ्याकडं सरकवलं.

*

तर मी स्वयंपाक करायला लागले! म्हणजे भाकरी मायच थापायची, पण अंड्याचं माझ्याकडं आलं. मला वाटलं, हे काय अवघड आहे. एक अंडं आणि चार माणसं, एवढंच तर गणित.

पहिल्या दिवशी शेवग्याचा पाला आणला. त्या वर्षी गावात हिरवं म्हणून तेवढंच होतं. पाला चिरून कांद्यावर परतला, तेल म्हणजे चिंधी बुडवून तव्यावर फिरवलेलं. मूठभर डाळीचं पीठ, हळद, तिखट, आणि पाला मऊ पडल्यावर वरून अंडं फोडून पटापट हलवलं. तुराटीचा जाळ लगेच मोठा होतो आणि लगेच विझतो, म्हणून अंडं जाळ उतरल्यावरच घालायचं, नाहीतर चिवट होतं. हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. वास असा सुटला की शेजारची काकू कुंपणावरून म्हणाली, "पोल्ट्रीवाल्याकडं सण हाय का गं आज?"

बाबा आधी जेवायला बसले. आमच्यात तसंच आहे. सगळ्यांच्यातच तसं आहे. मायनं त्यांच्या भाकरीवर डावभर वाढलं, मग आणखी अर्धा डाव, कारण ते दिवसभर दगड उचलतात. मग मला, शाळेची पोर म्हणून. अक्का आणि माय शेवटी. अक्कानं भाकरीनं तवा पुसून घेतला.

"लई चांगलं झालंय, यशे," ती म्हणाली. तव्याला लागलेलं खाऊन.

दुसऱ्या दिवशी मी अंड्याची पोळी केली, कांदा आणि ज्वारीचं पीठ घालून जाडसर. चार तुकडे केले आणि अक्काचा तिच्या हातात दिला. ती तो पदराखाली घेऊन बसली आणि बाबांचं जेवण अर्धं झाल्यावर तिनं तो त्यांच्या ताटात सरकवला. बाबांनी बघितलंसुद्धा नाही, खाऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी मी अंडं धुऊन डाळीतच उकडायला सोडलं. वेगळं पाणी नको, वेगळं जळण नको. मला वाटलं सोललेलं अख्खं अंडं कुणाला वाटता येणार नाही. मायनं दोऱ्यानं त्याचे दोन भाग केले. एक बाबांचा. दुसऱ्याचे परत दोन केले, माझा आणि अक्काचा. अक्काचा पाव भाग तिनं मला दिला. "तुझी परीक्षा हाय ना गं."

मी खाल्ला. खोटं कशाला सांगू, चवीचा होता. 

*

रविवारी भावजी आले. नरसिंगभावजी स्वभावानं वाईट नाहीत. हदगावकडं कुणाच्या तरी शेतात सालावर आहेत, दोन बस बदलून येतात, येताना अक्कासाठी पावशेर गूळ आणला होता. ते दारात दिसले तशी मायची धांदल उडाली.

"यशे, मडक्यात किती हायेत?"

"चार."

"तीन काढ."

"माय, नर्सबाईनं अक्काला..."

"हळू बोल!" मायनं माझ्या दंडाला धरलं. "मागच्या टायमाला कोंबडा केला. आता काईच न्हाई म्हणून कसं चालंल?"

मी खोबऱ्याचा एवढासा तुकडा भाजला, कांदा भाजला, पाट्यावर वाटलं, पातळ कालवण केलं आणि उकडलेली तीन अंडी चिरा देऊन त्यात सोडली. भावजी बाजेवर बसून जेवले. बाबा शेजारी बसून त्यांना आग्रह करत होते आणि स्वतः नुसत्या रश्श्यात भाकरी कुस्करत होते.

"घ्या की अजून येक, जवाईबापू."

"न्हाई मामा, बास झालं."

"घ्या. घरचीच हायेत."

घेतलं त्यांनी. तिन्ही अंडी संपली. "अंडी लई झकास झालीत, सरकारी दिसत न्हाईत," म्हणाले. आणि मग दाराआड बघून, खरंच काळजीनं, "हिची तब्येत अशी का दिसू राहिली, मामी? खात न्हाई का काई?"

माय म्हणाली, "खाती की." अक्का आत भिंतीला पाठ लावून भाकरीचा कोरका पाण्यात भिजवत होती. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. बोलू नको.  भाषणात बक्षीस घेतलेली मी, एक शब्द तोंडातून निघाला नाही.

*

सोमवारी शिवकांता पैजेचं पाणी हापसत होती. आठवडा उलटून गेला होता तरी येत होती, म्हणायची मोजण्यात चूक झाली. मी घागर धरून उभी आणि अक्का कळशी घेऊन मागून हळूहळू येत होती. नको म्हटलं तरी आली, घरात बसून जीव घुसमटतो म्हणाली.

कळशी आधी पडली. मग अक्का बसल्यासारखी खाली गेली, आणि मग आडवी झाली.

शिवकांतानं दांडा सोडला आणि माझ्या आधी पोचली. अक्काचं डोकं तिनं सरळ आपल्या मांडीवर घेतलं आणि परकराच्या टोकानं तिचं तोंड पुसायला लागली. वर हापशाजवळ तिची चुलती उभी होती, आमच्या माणसांना शिवलेलं तिला चालत नव्हतं, तिनं "शिवकांते!" अशी हाक मारली. शिवकांतानं ऐकलं नाही. घागरीतलं सगळं पाणी, ते शंभर-शंभर हातांचं, आम्ही अक्काच्या तोंडावर आणि डोक्यावर ओतलं. कितीतरी वेळानं तिनं डोळे उघडले. पोटावर हात ठेवला. "हाय," म्हणाली. "हालतंय."

"काय खाती ही?" शिवकांतानं मला विचारलं.

मी पडलेली कळशी उचलायला गेले.

"आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा काढत नाहीत," ती म्हणाली, "पण मी तुझ्या जागी असते तर हिच्या तोंडात कोंबलं असतं."

*

एकविसावा दिवस गेला. बाविसाव्या दिवशी बाबा कामावर गेले नाहीत. पहाटेपासून पाटीजवळ उकिडवे बसले होते. मधूनच एक अंडं उचलून कानाला लावायचे. काबरी त्यांना टोचत नाही.

"टोच मारल्याचा आवाज येतोय का?" त्यांनी मायला विचारलं.

"या बरं, चहा घ्या," माय म्हणाली.

दुपारी त्यांनी एक अंडं अंगणात नेऊन दगडावर फोडलं. वास घरात आला. अक्का तोंड धरून मागच्या दारानं बाहेर गेली. मग त्यांनी दुसरं फोडलं. तिसरं. चौथं फोडलं नाही. उरलेली पाटीतच ठेवून पाटी उचलली, टिकाव घेतला आणि उकिरड्यामागं गेले. जमीन दगडासारखी झालेली. टिकावाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी मागं गेले. त्यांनी खड्डा भरपूर खोल खणला होता, दहा अंड्यांना लागतो त्याहून किती तरी खोल. तलावावर माप देतात तसा चौकोनी, कडा तासलेला. मी एकेक अंडं देत गेले, ते ठेवत गेले.

"तुला ठाऊक होतं?" वर न बघता त्यांनी विचारलं. पंधरा दिवसांत मला बोललेला पहिला शब्द.

"हाव. उन्हाला धरून बघितली होती."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तुम्ही बोलत नव्हता माझ्याशी."

ते थांबले. कपाळावरचा घाम दंडाला पुसला. "तुझ्यावर राग नव्हता गं," म्हणाले. "तोंड दाखवायचीच लाज वाटू राहिली होती. पोरगी शाळेत येवढी हुशार, आन् बापाला येवढंबी ठाऊक न्हाई."

 मी माती लोटायला लागले. हातानंच.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले नाहीत, पाणी वाचवायला नुसते झटकले. बसले. अक्का बाजेवर डोळे मिटून पडली होती. माय भाकरीचं पीठ काढत होती. मडक्यात पाच अंडी जमली होती. बाबांनी मडकं जवळ ओढलं आणि आत बघितलं. त्यांच्या तोंडावर परत तेच आलं, ते तेरा पिल्लांचं.

"उदगीरच्या बाजारातून कोंबडा आणतो येखादा," ते म्हणाले. "ही अंडी साठवून इकू, त्यात त्याचे पैसे निघतील, ह्यांना हात लावू नका आता. काबरी अजून उठली न्हाई. कोंबडा आला की ताजी धरू आन् पुन्हा बसवू. काय गं सरजा?"

माय पिठात हात फिरवत राहिली. तिला नाही म्हणता येत नव्हतं आणि अक्काकडंही बघता येत नव्हतं.

मी बाबांच्या हातातून मडकं घेतलं. ओढून नाही. नुसतं घेतलं आणि त्यांनी सोडलं.

"कोंबडा आणा," मी म्हणाले, "पण अक्का बाळंत हुईस्तोर या घरात अंडं साठवायचं न्हाई. उद्यापासून चूल माझी. भाकरीसुद्धा मीच थापणार, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. आणि ताटंसुद्धा मी वाढणार. पहिलं ताट अक्काचं. ती माझ्यासमोर जेवणार आणि ती उठल्याशिवाय दुसरं ताट पडणार न्हाई. दुसरं मायचं. तिसरं तुमचं, बाबा. मग माझं."

मी मडकं चुलीजवळ नेऊन ठेवलं. 

बाबांनी मायकडं बघितलं. मायनं पिठातून हात काढला.

"आन् जवाई आले तर गं?" ती हळूच म्हणाली.

"जवाई आले तरी," मी म्हणाले.